टॉमस मॅलरी : एक नाव, अनेक माणसे

कागदावर नाव सापडले की माणूस सापडला, असे समजण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासात फार मोठा असतो. मध्ययुगीन इंग्लंडच्या बाबतीत तर हा मोह विशेष घातक ठरतो. त्या काळी तेथे जॉन, विल्यम, टॉमस, रॉबर्ट, रिचर्ड अशी मोजकी नावेच गावोगाव चालत. ११७० साली कँटरबरीच्या प्रार्थनामंदिरात आर्चबिशप टॉमस बेकेट याचा खून झाला, तीन वर्षांत तो संतपदास पोचला, आणि घरोघर टॉमस जन्मू लागले. त्यातच मुलाला धर्मपित्याचे नाव देण्याची चाल असल्यामुळे एका घरात एकाच नावाचे दोन सख्खे भाऊ नांदत. नॉरफोकच्या पॅस्टन घराण्यात पंधराव्या शतकात बाप जॉन, थोरला मुलगा जॉन आणि धाकटाही जॉन! दोन्ही भाऊ पुढे नाइट झाले. त्यांची पत्रे वाचणाऱ्या विद्वानांना शेवटी पहिला, दुसरा, तिसरा असे आकडेच घालावे लागले.

पॅस्टनांचा गुंता सुटला, कारण त्यांची पत्रे शिल्लक होती. जेथे अशी पत्रे नाहीत तेथे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर टॉमस मॅलरीच्या प्रकरणात जितके स्पष्ट मिळते, तितके क्वचितच इतरत्र मिळत असेल.

आर्थर राजा आणि त्याचे शूर सरदार यांच्या कथांचा इंग्रजीतील सर्वांत प्रसिद्ध गद्यग्रंथ मॅलरीने लिहिला, आणि विल्यम कॅक्स्टन याने तो १४८५ साली छापला. ग्रंथकर्त्याने स्वतःविषयी फारच थोडे सांगितले आहे. आपण नाइट आहोत, चौथ्या एडवर्डच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी, म्हणजे मार्च १४६९ ते मार्च १४७० या अवधीत, ग्रंथ संपविला, आणि आपली सुटका व्हावी म्हणून वाचकांनी प्रार्थना करावी, एवढेच. १९३४ साली विंचेस्टर येथील विद्यालयात या ग्रंथाची हस्तलिखित प्रत सापडली. तीत तो स्वतःला स्पष्टच ‘बंदिवान नाइट’ म्हणवितो. म्हणजे शोध घ्यायचा तो नाव, पदवी, काळ आणि तुरुंग या चारही खुणा जुळणाऱ्या माणसाचा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन पंडित किट्रेज यांनी वॉरिकशायरमधील न्यूबोल्ड रेव्हेलच्या सर टॉमस मॅलरीकडे बोट दाखविले. हा नाइट होता, १४४५ साली पार्लमेंटचा सभासद होता आणि मार्च १४७१ मध्ये वारला. १८९७ सालीच मार्टिन नावाच्या संशोधकाने पॅपवर्थ येथील दुसरा टॉमस मॅलरी पुढे आणला. तो १४६९ साली वारला, तेव्हा काळ कसाबसा जमतो. परंतु तो नाइट असल्याचा पुरावा नाही.

येथवर वाद थंडपणे चालला होता. पुढे न्यूबोल्डच्या मॅलरीवरील फिर्यादींचे कागद बाहेर आले आणि सारे वातावरणच बदलले. बकिंगहॅमच्या ड्यूकला ठार मारण्यासाठी १४५० च्या जानेवारीत दबा धरून बसणे, खंडणी उकळणे, गुरे पळविणे, कूम येथील मठावर दरोडा घालणे आणि जोन स्मिथ नावाच्या विवाहितेवर दोनदा बलात्कार करणे, असे ते आरोप होते. त्याने ते नाकारले. खटला कधीच निकालापर्यंत गेला नाही. त्याची मात्र वर्षानुवर्षे लंडनच्या तुरुंगांत गेली.

शौर्य, स्वामिनिष्ठा आणि स्त्रीरक्षण यांचे गुण गाणारा ग्रंथ अशा माणसाने लिहिला असेल काय? अनेकांना ते पटेना. १९६६ साली विल्यम मॅथ्यूज यांनी यॉर्कशायरमधील हटन कॉनिअर्सच्या तिसऱ्या टॉमस मॅलरीचा पक्ष मांडला. ग्रंथाच्या भाषेत उत्तरेकडील छटा आहे, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा वयाचा. न्यूबोल्डचा मॅलरी पाचव्या हेन्रीच्या काळात कॅले येथे वॉरिकच्या अर्लच्या पथकात होता, असे डग्डेल यांच्या १६५६ च्या ग्रंथावरून सर्वजण धरून चालत. तसे असेल तर १४६९ साली तो सत्तरीपलीकडचा ठरतो. एवढ्या म्हाताऱ्याने तुरुंगात बसून एवढा प्रचंड ग्रंथ लिहिला?

या आक्षेपातील गंमत पाहण्यासारखी आहे. तीन मॅलरी वेगळे करण्याच्या भरात त्यांतील एकाच्याच अंगावर चौथ्याचे आयुष्य चढविले आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते! पी. जे. सी. फील्ड यांनी कागद पुन्हा तपासून दाखविले, की कॅलेचा शिपाई हा निराळाच टॉमस मॅलरी होय. न्यूबोल्डचा मॅलरी कागदोपत्री प्रथम दिसतो तो १४३९ साली. म्हणजे ग्रंथ संपविताना तो पन्नाशीच्या आसपास होता. वयाची अडचण अशी नाहीशी झाली. भाषेचे म्हणाल, तर मॅलरीने ज्या जुन्या काव्यांचा आधार घेतला त्यांतील काही उत्तरेकडचीच. तेव्हा त्यांची छटा उतरली यात नवल नाही. आणि हटनचा मॅलरी नाइट होता किंवा तुरुंगात होता, असे दाखविणारा कागद नाही.

न्यूबोल्डच्या बाजूने मात्र पुरावा वाढतच गेला. १४६८ च्या सार्वत्रिक माफीतून सर टॉमस मॅलरी याचे नाव मुद्दाम वगळलेले आहे. इसवी सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कागदाप्रमाणे एप्रिल १४६९ मध्ये न्यूगेटच्या तुरुंगात एका मरणासन्न कैद्याच्या जबानीस हजर असलेल्यांत टॉमस मॅलरी, नाइट, हे नाव येते. ग्रंथ संपविण्याचे वर्षही तेच! फील्ड यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्राचा निष्कर्ष बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे.

या प्रकरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत, असे आम्हांस वाटते. नाव ही ओळख नव्हे, ओळखीची केवळ सुरुवात होय. पदवी, गाव, वय आणि काळ यांची साक्ष मिळाल्याखेरीज दोन कागदांतील एक नाव एका माणसाच्या पदरी घालू नये. दुसरी गोष्ट अधिक अवघड. आवडत्या ग्रंथासाठी आवडता ग्रंथकार निवडण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांनी मॅलरीला वाचविण्यासाठी दुसरा मॅलरी शोधला, त्यांचा हेतू चांगला असेल. पण हा मॅलरी नको म्हणून तो मॅलरी, हे प्रमाण नव्हे. आरोप सिद्ध झाले नाहीत, हे जसे सांगितले पाहिजे, तसेच ते झाले होते, हेही सांगितले पाहिजे. जोन स्मिथ हे नाव त्या कागदांत आहे. ग्रंथाच्या गौरवासाठी ते पुसून टाकणे म्हणजे एकाचे नाव राखण्यासाठी दुसरीचे बुडविणे होय, आणि तो व्यवहार इतिहासाला शोभणारा नाही.