परवचा आणि बाजार

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रातील खेड्यापेठांत जे प्राथमिक शिक्षण मिळे ते मुख्यतः पंतोजींच्या शाळेचे होते, आणि त्या शिक्षणात अक्षरांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, वजन अंकांना होते. पंतोजी म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर शाळा चालवणारा शिक्षक. त्याला सरकारी वेतन नसे, पालकांकडून मिळणारे थोडे पैसे आणि धान्य यांवर त्याचा चरितार्थ चाले, आणि त्याची शाळा देवळात, कोणाच्या ओसरीवर किंवा पडवीत भरे. बारीक धूळ पसरलेल्या लाकडी फळीवर, म्हणजे धूळपाटीवर, मुले बोटाने वा काडीने आकडे गिरवीत, थोरली मुले धाकट्यांना घोकून घेत, आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरोघरी त्याच पाढ्यांची उजळणी मोठ्याने होई, जिला परवचा म्हणत. या शिक्षणाकडे केवळ घोकंपट्टी म्हणून पाहण्याची सवय पुढे रूढ झाली. ज्या व्यवहारासाठी ती घोकंपट्टी होती तो व्यवहार समजून घेतल्याशिवाय मात्र तिचे मोल ठरवता येत नाही.

पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर मुलांना अपूर्णांकांचे पाढे शिकावे लागत: पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी म्हणजे अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी औटचा, म्हणजे साडेतीनचा. ज्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट हे एकेका शब्दाचे अपूर्णांक आहेत त्या भाषेत अपूर्णांक हा अंशछेदांचा अवघड विषय नव्हता, तो संख्येचाच एक प्रकार होता, आणि लिहिण्याची रीतही तशीच सोपी होती: आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, त्यामुळे १॥ म्हणजे दीड आणि १॥। म्हणजे पावणेदोन. पाव रुपया म्हणजे चार आणे असल्याने हीच रेघ धान्याच्या मापात आणि रुपयाच्या हिशेबात सारखीच चाले.

नेमके हेच अपूर्णांक का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर चलन आणि वजने यांच्या रचनेत सापडते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर किंवा सोळा छटाक, आणि वीस मणांची खंडी, अशी ती रचना होती, जरी मण आणि शेर यांचे प्रत्यक्ष वजन प्रांतोप्रांती, कधी पेठेपेठेला बदलत असे. आता चाळीस शेरांना सोळाने भागले की अडीच येतात. यावरूनच जितक्या रुपयांना मण तितक्या आण्यांना अडीच शेर, हा आडाखा निघतो. मणाचा भाव बारा रुपये असेल तर अडीच शेरांना बारा आणे, पाच शेरांना दीड रुपया आणि साडेसात शेरांना सव्वादोन रुपये, हे उत्तर कागदाला हात न लावता मिळते. आणि शेराचा भाव रुपयांत माहीत असेल तर तितक्याच आण्यांना एक छटाक, हे त्याहूनही सोपे, कारण सोळाला सोळाच भिडतात. अडीचकी ज्याला पाठ आहे त्याच्यासाठी मणाचा भाव आणि शेराची खरेदी यांमधले अंतर नाहीसे होते. अशा पाढ्यांना निर्जीव म्हणणे हा अन्यायच होय.

तरीही पाढा पाठ असणे आणि समोर आलेल्या अडचणीत कोणता पाढा लागू पडतो हे ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय गणिताला हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक होता. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत त्रैराशिकाचा, म्हणजे तीन ज्ञात संख्यांवरून चौथी काढण्याच्या रीतीचा, जो विचार आहे त्यात प्रमाण, फल आणि इच्छा अशी तीन पदे येतात. बारा रुपयांना मण, तर साडेसात शेरांना किती, या प्रश्नात मण हे प्रमाण, बारा रुपये हे फल आणि साडेसात शेर ही इच्छा. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागणे हे यांत्रिक काम आहे, परंतु कोणती संख्या कोणत्या पदावर बसते हे ठरवणे, आणि मण व शेर एका परिमाणात आणल्याखेरीज पुढे जाता येत नाही हे ध्यानात येणे, यात बुद्धीचा खरा कस लागतो. खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. ही परंपरा अर्थातच विद्वानांची आणि संस्कृताची होती, आणि तिचे पाणी पंतोजींच्या ओसरीपर्यंत झिरपले ते सूत्रांच्या रूपाने कमी आणि पाढ्यांच्या व आडाख्यांच्या रूपाने अधिक.

पंतोजींच्या शाळेचा भर पाठांतरावर होता. ओळखण्याचे शिक्षण प्रामुख्याने शाळेबाहेर, वाण्याच्या दुकानात, सावकाराच्या पेढीवर, कुळकर्ण्याच्या दप्तराशेजारी होत असे. व्यापाऱ्याचा मुलगा वडिलांच्या गादीजवळ बसून गिऱ्हाइकाने भाव विचारताच आकडा कसा उभा राहतो हे ऐके, त्यातून पाठ झालेली पावकी कधी कामाला येते आणि दिडकी कधी, हे त्याच्या अंगवळणी पडे. या दोन शाळांपैकी एकही ज्यांना खुली नव्हती त्यांची संख्या मात्र फार मोठी होती. मुली पंतोजींच्या शाळेत सहसा नसत, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तिथे प्रवेश नव्हता, आणि कुणब्याचा मुलगा गुराढोरांमागे असे.

तथापि या वर्गांना हिशेबच येत नसे असे मानणे चूक ठरेल. धान्य मोजण्याची चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली ही मापे एकापुढे एक दुप्पट होत जाणारी आहेत: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. जिथे साधन असे दुपटीने वाढते तिथे दुप्पट करणे आणि निम्मे करणे एवढ्या दोन क्रियांवर घरचा व्यवहार निभावतो, त्यासाठी पाढ्यांची गरज पडत नाही, आणि कणग्यातले धान्य किती दिवस पुरेल, उसने दिलेले किती परत यायचे हे प्रश्न शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांना अशा मापांच्या आधारे सोडवता येत. ही बुद्धी इतिहासाच्या कागदपत्रांत जवळपास उमटलेली नाही, आणि अशिक्षित या एका शब्दाखाली ती झाकून टाकली गेली ही खेदाची गोष्ट आहे.

मात्र ही बुद्धी थिटी पडे ती लिखित कर्जापुढे. व्याजाचा दर त्या काळी दरमहा दरशेकडा सांगत. दरमहा दोन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला चोवीस रुपये शेकडा, आणि न दिलेले व्याज मुदलात मिळवून नवा रोखा, म्हणजे कर्जाचा लेखी दस्तऐवज, केला की त्यावर पुन्हा व्याज. परंपरेत यावर दामदुपटीचा बांध होता: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुदलाहून अधिक असू नये, असा तो नियम. परंतु आपले कर्ज त्या बांधापर्यंत पोचले आहे काय हे ओळखण्यासाठी मूळ मुद्दल किती आणि नव्या रोख्यात त्यातले काय गेले हे वाचता आणि मोजता यावे लागे. जुने व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून लिहिले गेले की नियम असूनही तो ऋणकोच्या हातातून निसटे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले तेव्हा शेतकऱ्याला कर्ज सहज मिळाले, आणि युद्ध संपून भाव उतरल्यावर तेच कर्ज गळ्याशी आले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांनी रोखे, खते आणि वह्या मागितल्या व जाळल्या. जो हिशेब स्वतःला तपासता येत नाही तो नष्ट करण्याखेरीज दुसरा उपाय त्यांना उरला नव्हता, असा या कृतीचा अर्थ लावणे वाजवी आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मिळण्याची तरतूद केली, पण उतारा हाती आला तरी तो वाचणारा डोळा कायद्याने मिळत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाच्या विषयांत मोडी आणि बालबोध यांचे वाचन-लेखन व हिशेब यांचा जो आग्रह धरला, शेतीच्या आणि आरोग्याच्या प्राथमिक ज्ञानाचीही जी मागणी केली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. मोडी ही रोख्यांची आणि दप्तराची लिपी होती. ती वाचता येणे आणि बेरीज पडताळता येणे याचा अर्थ कुळकर्ण्याकडे व सावकाराकडे न जाता आपली अडचण आपण ओळखणे असा होता. महाराष्ट्रातील शैक्षणिक विचारात स्वावलंबनाची इतकी रोकडी मांडणी क्वचितच आढळते.

दरम्यान शाळा बदलत होती. १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने मराठी क्रमिक पुस्तके तयार करविली, आणि जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने शास्त्री मंडळींच्या साहाय्याने इंग्रजी गणितग्रंथांच्या आधारे मराठीत गणिताची पुस्तके रचली. त्यांतून पुढे शाब्दिक उदाहरणांची प्रथा शाळांत रुजली. बाजारातला प्रसंग पुस्तकात आला, ही मोठी जोड होती, कारण दुकानाच्या गादीशी जागा नसलेल्या मुलालाही आता ओळखण्याचा सराव मिळू लागला. पण त्रैराशिकाच्या प्रकरणातील प्रत्येक उदाहरण त्रैराशिकाचेच असते हे मुलाला पहिल्या पानावरच कळे, आणि मग ओळखण्याचे काम प्रकरणाचे शीर्षकच करून टाके.

पाढे मात्र टिकले, कारण आणे आणि शेर टिकले होते. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा त्या पाढ्यांखालची जमीनच सरकली. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत असल्याने एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असा ठोकळ मेळ घालावा लागला. सरकारने परिवर्तनाची कोष्टके छापली. जितक्या रुपयांना मण तितक्या आण्यांना अडीच शेर हा आडाखा ज्यांच्या जिभेवर होता, ज्यांना आयुष्यभर कोणाला भाव विचारावा लागला नव्हता, त्यांना आता भिंतीवरच्या कोष्टकाकडे पाहावे लागले, आणि शाळेतले पोर दशांश चिन्ह दोन घरे सरकवून त्यांच्या आधी उत्तर देऊ लागले. पावकी-निमकी हळूहळू अभ्यासक्रमाबाहेर गेली. भाजीच्या पाटीपुढे अडीचशे ग्रॅमना पावशेर म्हणण्याची रीत मात्र, शेर हे वजन व्यवहारातून गेल्यानंतरही, आजतागायत चालू आहे.