घंटा गेल्या, माणसें राहिलीं



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं आपण आपल्या ख्रिस्तमंदिराचीं वर्षें मोजतों. परंतु वसई प्रांतांतील ख्रिस्ती जनांच्या इतिहासांत एक साल असें आहे कीं, तें ध्यानीं घेतल्यावांचून बाकीच्या वर्षांचा अर्थ लागत नाहीं. तें साल १७३९ होय. बाळपणीं मिळालेला धर्म ठेवावा कीं सोडावा, हा प्रश्न त्या वर्षीं आपल्या पूर्वजांपुढें घरोघर उभा राहिला.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढें दोन शतकें येथें राज्य व धर्म एकाच गलबतांतून आले. फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरूंनीं शुभवर्तमान सांगितलें. याच मातींत संत गोन्सालो गार्सिया जन्मले, व १५९७ मध्यें नागासाकी येथें त्यांनीं क्रुसावर प्राण अर्पण केले. परंतु सत्य लिहावयाचें तर हेंहि लिहिलें पाहिजे कीं, त्याच काळांत हिंदूंचीं देवळें पाडण्यांत आलीं, त्यांच्या उपासनेवर निर्बंध घालण्यांत आले, आणि बाप्तिस्मा घेणारांस सवलती मिळाल्या. आपल्या पूर्वजांपैकीं कोण श्रद्धेनें आला, कोण लाभानें, कोण भयानें, हें एका परमेश्वरासच ठाऊक.

सुमारें तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. तहाप्रमाणें जाऊं इच्छिणारांस जाण्याची मुभा, व राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. पोर्तुगीज अधिकारी गेले. त्यांच्यामागोमाग युरोपीय संन्यस्तहि गेले. किल्ल्यांतील भव्य मंदिरें ओस पडलीं. घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर नेण्यांत आल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळांत आणि वाईजवळ मेणवलीस त्या आजहि पाहावयास मिळतात.

आतां ख्रिस्ती राहण्यांत कसलाहि ऐहिक लाभ उरला नव्हता. लाभ असलाच तर तो धर्म सोडण्यांत होता. कांहीं कुटुंबें आपल्या पणजोबांच्या धर्मांत परत गेलीं. त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांस नाहीं. ज्यांच्यावर धर्म लादला गेला असेल, त्यांनीं तो उतरवून ठेवला तर त्यांत नवल तें काय? पुष्कळ मात्र राहिले. कोणाच्या बळावर? राजा नव्हता, कोट नव्हता, मोठा मठ नव्हता. देशी धर्मगुरु मिस्सा चालवीत होते, आणि घरांत तिन्हीसांजेला आजी नातवंडांकडून प्रार्थना म्हणवून घेत होती. आंकतील द्यु पेरों हा फ्रेंच प्रवासी १७६० मध्यें ठाण्याच्या साष्टींतून गेला, तेव्हां त्यास तेथील ख्रिस्ती लोक उघडपणें आपली उपासना करतांना आढळले. मराठी अंमलांत ही उपासना चालूं राहिली, हेंहि कृतज्ञतापूर्वक नमूद केलें पाहिजे. त्या राहिलेल्यांच्या वंशजांसाठींच १९९८ मध्यें वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

हें सर्व आज कां सांगावें? गेल्या वर्षीं एक तरुण मजकडे येऊन म्हणाला, "फादर, मी केवळ जन्मानें ख्रिस्ती आहें. मग मीं येथें कां राहावें?" बाहेर पडवींत त्याची आई जपमाळ हातीं घेऊन बसली होती. मीं त्यास म्हटलें, "बाबा, वाडी वारशानें मिळते, शिंपणें मात्र ज्याचें त्यालाच करावें लागतें. पूर्वजांची निवड ही त्यांची निवड. घाई करूं नकोस, आणि देवापुढें खोटेंहि बोलूं नकोस." आईस म्हटलें, "बाई, त्यास धाक घालूं नका. धाकानें राखलेला धर्म तटासारखा असतो. तट पडला कीं तोहि संपला." धर्माच्या बाबतींत कोणावरहि सक्ती होऊं नये, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ मध्यें जाहीर केलें, आपल्या वसईस तो धडा १७३९ मध्येंच मिळाला होता.

त्या तरुणाचा निर्णय अजून झालेला नाहीं. कधीं कधीं रविवारीं तो शेवटच्या बांकावर येऊन बसतो. त्याच्यासाठीं आपण प्रार्थना करूं या, आणि तो गेला तरी दार लोटूं नये.

महोत्सवाच्या दिवशीं आपली घंटा वाजेल. तेव्हां प्रत्येकानें स्वतःस एवढेंच विचारावें: ही घंटा उद्यां कोणीं नेली, तर मी राहीन काय?