वाडीवरची शाळा आणि कुटुंबाची निवड : शिरूर-दौंड परिसरासंबंधी एक टिपण

शाळा उघडल्याची नोंद सरकारी दप्तरात सापडते, बंद झाल्याचीही सापडते. परंतु त्या शाळेतील मुले पुढे कोठे गेली व तेथेच का गेली, हे सांगणारे कागद विरळा. शिक्षणखात्याच्या परिभाषेत अशा मुलांचे ‘समायोजन’ होते. हा शब्द काहीसा फसवा आहे. शिक्षकाचे समायोजन आदेशाने होऊ शकते; मूल कोठे जावयाचे ते मात्र त्याचे कुटुंबच ठरविते. या ठरविण्यास साहाय्य कोणी करावयाचे, हा प्रश्न आपल्या प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात फारसा विचारला गेलेला नाही. शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुके समोर ठेवून त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यात आला. खेड्यातील शाळेस कुणब्याच्या पैशाचा आधार मिळाला तो असा. त्या काळी कुटुंबापुढे निवड होती ती शाळाशाळांमधील नव्हे. मुलास शाळेत घालावे की गुरांमागे धाडावे, एवढीच. अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांना तीही मोकळेपणी करता येत नसे. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला, तरी ठरावाने उघडलेले दार प्रत्यक्षात उघडण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

गावठाणातील या एकाच शाळेची व्यवस्था पुढे पाण्याने बदलली. खडकवासल्याचा कालवा दौंडमधून गेला, घोड नदीवर चिंचणीस धरण झाले, बागायत वाढली आणि कुटुंबे गावठाण सोडून रानात वस्ती करून राहू लागली. ऊस व गुऱ्हाळे यांच्यामागून मजुरांचीही वस्ती आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर शाळा हळूहळू वाड्यांकडे सरकल्या; २००० नंतरच्या वस्तीशाळा योजनेने त्या थेट रानातल्या वस्तीपर्यंत नेल्या. वस्तीशाळांवरील निमशिक्षक २०१४ मध्ये जिल्हा परिषदेच्या सेवेत सामावले गेले. लहान शाळा ही शासनाची चूक किंवा उधळपट्टी नव्हे. विखुरलेल्या वस्तीला दिलेले ते उत्तर होते, हे विसरता कामा नये.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने व त्याखालील २०११ च्या राज्य नियमांनी हे उत्तर अंतरात बसविले: पहिली ते पाचवीस एक किलोमीटर, सहावी ते आठवीस तीन. लगेच २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांना वाट मोकळी झाली. त्यांच्या पिवळ्या गाड्या वस्तीच्या बांधापर्यंत येऊ लागल्या. पट घसरला तसा शासनाचा हिशेबही बदलला. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागविण्यात आले. अशा शाळा राज्यात सुमारे पंधरा हजार होत्या. दोन्ही वेळा विरोध झाला आणि चर्चा प्रामुख्याने शाळेच्या संख्येवर झाली.

कुटुंबाचा हिशेब निराळा असतो. नियमातील किलोमीटर नकाशावर मोजता येतो. आईच्या मनात त्याच किलोमीटरात पुणे-सोलापूर महामार्ग असतो, कालव्याची उघडी कड असते, दौंडकडचा लोहमार्ग असतो. शिरूरकडे पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावच्या कारखान्यांची वाहतूक असते. सहा वर्षांच्या मुलीस हे ओलांडून कोण नेईल? आईबाप दोघेही ऊसतोडणीस किंवा कारखान्यात पाळीवर असतील तर कोणीच नाही. ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना पाचवीपासून लागू आहे. वाडीवरची जी शाळा बंद होते ती बहुधा चौथीपर्यंतची. म्हणजे ज्यांना सर्वाधिक गरज त्यांनाच पास नाही. समग्र शिक्षा योजनेत प्रतिबालक वार्षिक ६,००० रुपयांपर्यंत प्रवासखर्चाची तरतूद आहे, पण पैसा हाती आला म्हणून रस्त्यावर वाहन येते असे नाही. खाजगी शाळेतील २५ टक्के राखीव जागा प्रवेशाच्या पहिल्याच इयत्तेस लागू. तिसरीत असताना ज्याची शाळा गेली त्यास तो मार्ग बंद. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्याचे कलम पाच स्पष्ट सांगते. गुऱ्हाळावरील मजुराला हे कलम कोण वाचून दाखविणार?

पूर्वी हे काम गुरुजी करीत. आता गुरुजींची बदली शाळेबरोबरच होते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे; परंतु शाळा संपली की समितीही संपते. ज्या क्षणी पालकांना एकत्र बसण्याची निकड असते नेमक्या त्याच क्षणी त्यांची बैठक मोडते. माझ्या मते या सर्व व्यवस्थेतील खरी उणीव हीच होय. वेल्हे (आता राजगड) तालुक्यात पानशेतच्या समूह शाळेसाठी मुलांना बसने आणण्याची सोय करण्यात आली. बस हे साहाय्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र निवड तिने आधीच करून टाकलेली असते.

उलट दिशेचे उदाहरण शिरूर तालुक्यातच आहे. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची दोन खोल्यांची शाळा ग्रामस्थांनी जमीन व पैसा देऊन उभी केली, आणि पुढे बाहेरची कुटुंबे प्रवेशासाठी तिच्या दारी येऊ लागली. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची शाळा २०२२ मध्ये तीन मुलांवर आली होती. पुढे पट शंभरावर गेला. या उदाहरणांचा मोह अभ्यासकांनी आवरावा. प्रत्येक वाडीस देण्याजोगी जमीन नसते. तथापि पट हा वाडीच्या लोकसंख्येचा आकडा नसून कुटुंबांच्या निर्णयांची बेरीज आहे, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

या विषयाची साधने शाळांतच पडून आहेत. बंद शाळेच्या जनरल रजिस्टरात ‘शाळा सोडल्याचे कारण’ हा रकाना असतो. तेथे ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच लिहिण्याची रूढी आहे. पण प्रवेश देणाऱ्या शाळेच्या रजिस्टरात ‘पूर्वीची शाळा’ लिहिलेली असते. हे दोन्ही रकाने तारीखवार जुळवून पाहिल्यास शाळा बंद होण्यापूर्वी कोणती कुटुंबे निघाली, नंतर कोणती, मुलगे कोठे गेले आणि त्याच घरातील मुली कोठे, हे गाववार मांडता येईल. जातीच्या दाखल्यांसाठी ही रजिस्टरे आजही चाळली जातात. दौंड व शिरूर येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती या प्रश्नासाठीही हाताळता येतील.