गॅस भरण्याची रीत

खानदेशात आखाजी आली की घरोघरी कुंभाराकडची नवी घागर येते. पितरांच्या नावाने ती भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचे आणि मग सांजोऱ्यांचा घास काढायचा. तापी-पूर्णेच्या या पट्ट्यात, मुक्ताईनगरपासून भुसावळ-रावेरपर्यंत, तेव्हा पारा पंचेचाळिशीला भिडू लागलेला असतो. गेल्या काही वर्षांत याच दिवसांत आणखी एक भरणी सुरू झाली आहे. मेकॅनिकला फोन जातो: ‘‘भाऊ, एसीत गॅस भरून जा.’’ घरात कोणी विचारत नाही की गेल्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे.

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराला मोठा इतिहास आहे.

मुक्ताईनगर एदलाबाद या नावाने ओळखले जाई तेव्हा, आणि त्याच्याही फार आधी, या मुलखातला गारवा पाण्याच्या बाष्पीभवनातून यायचा. धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती, दारावर वाळ्याचे ओले पडदे आणि कोपऱ्यात पाझरणारा रांजण. हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय इथे कोकणापेक्षा कितीतरी चांगला चाले. श्रीमंतांचा गारवा वेगळा होता. बऱ्हाणपूर ही मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी, मुक्ताईनगरहून तास-दीड तासाच्या वाटेवर. अकबराच्या खानदेश मोहिमेत, १६०१ मध्ये पडलेल्या असीरगडाच्या वेढ्यात, त्याचा दरबारी लेखक अबुल फझल स्वतः होता. त्याने ‘ऐन-ए-अकबरी’त पाणी थंड करण्याची कृती नोंदवली आहे: पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि एक शेर पाण्याची बंद सुरई त्यात पाव तास फिरवायची. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे सुरईतले पाणी गार होते. या कृतीत ना आग होती, ना स्फोट, ना विषारी वायू.

१८३३ मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजातून कलकत्त्याला उतरला आणि पुढच्या वर्षी मुंबईलाही पोहोचला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्फ यंत्रावर होऊ लागला आणि हा धंदा मागे पडला. यंत्राच्या नळ्यांत अमोनिया होता. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे आजही मोठ्या प्रमाणावर त्याच्यावर चालतात. अमोनिया विषारी आहे, पण गळाला तर नाक झोंबते, डोळ्यांतून पाणी येते आणि माणूस आपसूक बाहेर पळतो. धोका स्वतःच वर्दी देतो.

घरगुती फ्रीज आला तेव्हा अडचण वाढली. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड असे. १९२०च्या दशकात अशा वायूंच्या गळतीने माणसे दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या. अशाच एका बातमीमुळे आइन्स्टाइन आणि त्याचा सहकारी झिलार्ड यांनी हलत्या भागांशिवाय चालणारा फ्रीज शोधायला घेतला, असे सांगतात. बाजारात मात्र वेगळेच उत्तर जिंकले. थॉमस मिजली या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १९३० मध्ये भर सभेत नवा वायू छातीभर ओढून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. म्हणजे वायू विषारी नाही आणि पेटतही नाही. त्याचे व्यापारी नाव फ्रिऑन.

गॅस हवेत सोडून देण्याची सवय या निर्धास्तपणातून आली. भारतात यंत्रे पसरली तीही फ्रिऑनच्याच काळात. भुसावळवरून जाणाऱ्या पंजाब मेलला १९४५ मध्ये वातानुकूलित डबे जोडले गेले. १९५४ मध्ये टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांनी मिळून व्होल्टास काढली. खोलीच्या एसीत पुढे ‘बावीस नंबर’, म्हणजे आर-२२, रुळला. तो बिनवासाचा, न पेटणारा आणि स्वस्त. नळीतली हवा काढायची असेल तर थोडा गॅस सोडून हवा ढकलून द्यायची. व्हॅक्यूम पंप हवाच कशाला? गळती शोधायला हॅलाइड टॉर्च नावाचा छोटा दिवा होता. गळणारा वायू ज्योतीत ओढला गेला की त्यातल्या क्लोरीनमुळे तापलेल्या तांब्यावरची ज्योत हिरवी होई. त्याच ज्योतीत आर-२२पासून फॉस्जीन हा जीवघेणा वायूही तयार होऊ शकतो, याकडे फारसे कोणी पाहत नसे.

तरी त्या काळी दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत नसे. खिडकीतला एसी कारखान्यातूनच सांधे डाखून बंद होऊन येई. गॅस जळत नाही की झिजत नाही. तोच वायू कधी द्रव, कधी बाष्प होत नळ्यांतून फिरत राहतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. चित्र बदलले ते स्प्लिट एसीमुळे. आतला भाग भिंतीवर, बाहेरचा गच्चीवर आणि दोन्ही जोडणारी तांब्याची नळी घरातच बसवायची. नळीचे टोक फुलवून त्यावर नट आवळायचा. फुलवणे वाकडे झाले, नट कमी-जास्त आवळला गेला, की गळती सुरू. यंत्राचा अर्धा कारखाना जणू ग्राहकाच्या गच्चीवर आला आणि त्याचा कारागीर म्हणजे गावातला मेकॅनिक.

तालुक्याच्या गावांत एसी उशिरा आला. पाण्याच्या कूलरने इथले उन्हाळे बरीच वर्षे भागवले, कारण कोरड्या हवेत तो झकास चालतो. जूनमध्ये हवेत ओल आली की तो निरुपयोगी होतो आणि तिथे एसीने जागा घेतली. त्याच सुमारास आतला वायूही बदलत होता. फ्रिऑनसारख्या वायूंनी अंटार्क्टिकावरच्या ओझोन थराला पाडलेले छिद्र १९८५ मध्ये जगापुढे आले, १९८७ मध्ये असे वायू आवरण्यासाठी माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. मिजलीच्या वायूंचे उत्पादन भारतात २०१०पर्यंत बंद झाले. आर-२२ ओझोनला कमी अपाय करतो, तरी करतोच. शिवाय एक किलो आर-२२ शंभर वर्षांत सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. त्यामुळे तोही टप्प्याटप्प्याने मागे घेतला जातो आहे.

त्याच्या जागी आलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि त्याचा दाब आर-२२च्या दीडपटीहून अधिक. त्याच्याही पुढचे पाऊल महाराष्ट्रातच पडले. सातारा जिल्ह्यात शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने २०१२ मध्ये जर्मनीच्या सहकार्याने आर-२९० वर चालणारा स्प्लिट एसी आणला. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. हवामानाला त्याचा अपाय नगण्य, पण हवेत दोन टक्क्यांच्या वर मिसळला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून यंत्रात तो मोजून काहीशे ग्रॅमच भरतात. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास यात नसतो.

शंभर वर्षांत चक्र असे फिरले. विषारी पण वासाचा वायू गेला, निरुपद्रवी वाटणारा आला, आणि आता पेटणारा पण बिनवासाचा आला. हाताची सवय मात्र बावीस नंबरचीच राहिली. हॅलाइड टॉर्च आर-३२ आणि आर-२९०साठी निरुपयोगी आहे, कारण त्यांत क्लोरीनच नाही. शिवाय उघडी ज्योत म्हणजे आगीला थेट आमंत्रण. गॅस सोडून हवा ढकलणे म्हणजे बंद खोलीत ज्वलनशील वायू पसरवणे.

सर्वांत घातक सवय ऑक्सिजनची. नळी डाखण्यासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर मेकॅनिकजवळ असतोच, म्हणून दाबाची चाचणीही त्यानेच उरकण्याचा मोह होतो. पण कॉम्प्रेसरमध्ये तेल असते आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की स्फोट होतो. चाचणीला कोरडा नायट्रोजनच हवा, तोही रेग्युलेटर लावून. मग साबणाच्या पाण्याने सांधे तपासायचे. नंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करायच्या आणि पंप थांबवल्यावर गेजचा काटा जागचा हलतो का ते पाहायचे. त्यानंतर यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका, त्याच नंबरचा गॅस काट्यावर वजन करून भरायचा. आर-२२च्या यंत्रात आर-२९० किंवा चुलीचा गॅस भरणे हा जिवाशी खेळ आहे, कारण त्या यंत्राचे स्विच आणि जोडण्या ज्वलनशील वायू धरून केलेल्या नसतात. जुना गॅस हवेत न सोडता रिकव्हरी सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा. वीज मेनपासून बंद करायची आणि कपॅसिटरमधला उरलेला भार उतरवल्याशिवाय बाहेरच्या युनिटला हात लावायचा नाही.

आयटीआयमधला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हे शिकवतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. पण नायट्रोजनचा सिलिंडर, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा घेऊन भर दुपारी गच्चीवर चढायला वेळ आणि पैसे लागतात. ग्राहकाला तर पंधरा मिनिटांत गार हवा हवी असते. चुकीची रीत टिकली ती जितकी मेकॅनिकच्या हातामुळे, तितकीच या घाईमुळे.

तेव्हा यापुढे एसी कमी गार करू लागला तर गॅस भरायला सांगू नये, गळती शोधायला सांगावे. आधी जाळी आणि कॉइल धुऊन पाहावे. बरेचदा दोष तिथेच निघतो. गॅस भरावाच लागला तर गळती कुठे होती, कोणत्या नंबरचा गॅस भरला आणि किती ग्रॅम, हे बिलावर लिहून मागावे. आणि जो मेकॅनिक काटा आणि नायट्रोजन घेऊन येतो, त्याच्याशी दोन-चारशे रुपयांसाठी घासाघीस करू नये.