तेल अवीव ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

मुंबईला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न हाच येतो, "किती तास लागतात हो?" उत्तर मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. कोणी पाच-साडेपाच म्हणतो, कोणी आठ, तर कोणी पंधरा. गंमत म्हणजे तिघांचंही बरोबर असू शकतं.

अंतर : बेन गुरियन विमानतळापासून मुंबईपर्यंत सरळ हवाई अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर आहे. दिल्लीही जवळजवळ तेवढीच लांब आहे.

वाट : अंतर बदलत नाही, पण विमानाची वाट बदलते. सरळ वाट अरबस्तानावरून जाते. तिथून उडायला परवानगी नव्हती तेव्हा इस्रायलचं विमान तांबड्या समुद्रावरून खाली दक्षिणेला उतरून, अरबस्तानाला वळसा घालून मुंबईला पोहोचायचं. या वळशापायी सात-आठ तास लागत. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाचं दिल्लीचं विमान प्रथमच सौदी अरेबियावरून तेल अवीवला आलं. जुलै २०२२ मध्ये सौदीने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने आपलं आकाश इस्रायली विमानांनाही खुलं केलं. या सरळ वाटेने थेट विमानाला साधारण पाच ते साडेपाच तास पुरतात. मुंबईहून परत येताना समोरचा वारा असतो, म्हणून थोडा जास्त वेळ धरावा.

मध्ये थांबणारं विमान : दुबई जवळजवळ सरळ वाटेवरच आहे. तेल अवीव ते दुबई सुमारे २,१३० आणि दुबई ते मुंबई सुमारे १,९२५ किलोमीटर. म्हणजे फेरा पडत नाही, वेळ जातो तो विमानतळावर बसण्यात. अदीस अबाबावरून गेलं तर मात्र एकूण अंतर ६,४०० किलोमीटरच्या आसपास होतं. तेव्हा तिकीट स्वस्त दिसलं तरी मध्ये किती तास थांबायचं आहे ते आधी विचारा.

घड्याळ : भारत उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असतो, कारण इस्रायलमध्ये घड्याळ बदलतं, भारतात नाही. उन्हाळ्यात रात्री १० ला निघालात आणि साडेपाच तास लागले, तर मुंबईत सकाळचे ६ वाजलेले असतील. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. त्यांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचे तास काढू नका.

औषधं : इथली सकाळी ८ ची गोळी हिवाळ्यात मुंबईच्या साडेअकराला येते. साखरेची किंवा रक्तदाबाची औषधं असतील तर वेळा कशा बदलायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा, सामान उशिरा आलं तरी गोळी चुकायला नको. विमानात अधूनमधून उठून चार पावलं चाला, पाणी प्या. व्हीलचेअर आणि कोशेर जेवण तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

शेवटचं : एल अल शब्बाथला उडत नाही, हे धरूनच दिवस ठरवा. आणि युद्धाच्या काळात आकाश बंद होतं, वाटा बदलतात, थेट विमानंही थांबतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांकडून किंवा नातवंडांकडून वेळ पुन्हा एकदा तपासून घ्या, आणि तीच वेळ मुंबईला घ्यायला येणाऱ्यांनाही कळवा.