५३०३ : करमाळ्याच्या माळावर पक्का झालेला आकडा

सोलापूर जिल्ह्यात जेऊर नावाची गावं दोन. एक अक्कलकोट तालुक्यातलं. दुसरं करमाळा तालुक्यातलं, पुण्याहून सोलापूरला जाताना कुर्डुवाडीच्या अलीकडे ज्याचं स्टेशन लागतं ते. ही कुळकथा दुसऱ्या जेऊरची, आणि तीही गावाची नव्हे, एका आकड्याची. आकडा ५३०३. सूर्याच्या प्रभामंडळातून, म्हणजे करोनातून, जो ठळक हिरवा प्रकाश येतो त्याची ही तरंगलांबी, अँगस्ट्रॉममध्ये मोजलेली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पहिली एकोणतीस वर्षं जग या हिरव्या रेषेचा आकडा चुकीचा सांगत होतं.

सुरुवात दख्खनच्या आसपासच झाली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला जमखंडीत जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. विजापुरात कॅप्टन हेग होता, गुंटूरला फ्रान्सचा जान्सेन. सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या लाल ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत, हे त्या दिवशी नक्की झालं. पुढच्या वर्षी, ७ ऑगस्ट १८६९ ला, ग्रहण अमेरिकेतून दिसलं. तिथे यंग आणि हार्कनेस या दोघांना ज्वालांच्याही पलीकडे, प्रभामंडळात, एक हिरवी रेषा दिसली.

इथे थोडं विषयांतर करतो. हेलियमचा शोध नॉर्मन लॉकियरने १८६८ मध्ये विजयदुर्ग किल्ल्यावर लावला, असं आपल्याकडे दरवर्षी न चुकता छापून येतं. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गावर तो आला १८९८ च्या ग्रहणाला. तिथल्या ज्या चौथऱ्यांना ‘साहेबांचे कट्टे’ म्हणतात ते त्या वेळचे, आणि मदतीला ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी होते. कट्ट्यांचं खरं महत्त्व हेलियमपेक्षा या हिरव्या रेषेत जास्त आहे, पण फुगे भरता येतील असा वायू सांगायला सोपा पडतो.

तर यंगला रेषा दिसली. ग्रहणाच्या धांदलीत, डोळ्याने पाहून, तिची जागा त्याने किर्खहॉफच्या वर्णपट-मोजपट्टीवर १४७४ ला लावली. नेमकी तिथेच नेहमीच्या सूर्यप्रकाशात लोखंडाची एक रेषा आहे. म्हणजे प्रभामंडळात लोखंड? मग लोखंडाच्या बाकीच्या शेकडो रेषा कुठे गेल्या? स्वतः यंगही या जुळणीवर खूश नव्हता. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. पुस्तकांतून ती ‘१४७४ ची रेषा’ झाली. आजच्या मापात तिची जागा ५३१७ च्या आसपास धरली जात होती.

२२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या. खग्रास ग्रहणाच्या सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून चढून, घाट ओलांडून, करमाळ्यावरून वऱ्हाड-नागपूरकडे आणि पुढे उत्तरेकडे जाणार होता. सोलापूर शहर त्याच्या बाहेर पडलं, तिथे खंडग्रासच. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झालेले, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा सुमार. त्या दिवसांत या भागातलं आकाश कसं असतं हे करमाळ्याच्या माणसाला सांगायला नको: धुऊन काढल्यासारखं निरभ्र. शिवाय जेऊरला जीआयपी रेल्वेचं स्टेशन. टनावारी पेट्या उतरवायच्या असतील तर स्टेशनच पाहिजे, बैलगाडीवर काचेची भिंगं कोण लादणार? एकच धास्ती होती, प्लेगची. मुंबई इलाख्यात तो फिरत होता, आणि पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा खून होऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

तरी जेऊरला छावण्या पडल्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, कावसजी दादाभाई नेगमवाला आले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुण्याच्या वेधशाळेचे ते प्रमुख. तिथली वीस इंची ग्रब दुर्बीण त्या काळी देशात सगळ्यांत मोठी. जपानहून तेराओ यांची तुकडी आली. आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम वॉलेस कॅम्बेल, सोबत पत्नी एलिझाबेथ. हा पस्तिशीतला माणूस काही आठवडे आधीच येऊन बसला होता.

त्याने आणलेला चाळीस फुटी कॅमेरा जरा नीट पाहण्यासारखा आहे. याच कॅमेऱ्याने १८९३ मध्ये चिलीत, सूर्य झाकला गेला असताना, जवळच घुटमळणारा एक अनोळखी धूमकेतू पकडला होता. शेबर्ले या लिकच्याच खगोलवेत्त्याची ती रचना. पाच इंची भिंग उंचावर पक्कं बसवायचं, खग्रासाच्या क्षणी सूर्य जिथे असेल तिकडे तोंड करून. चाळीस फूट खाली फोटोची काच. अध्येमध्ये आरसा नाही, म्हणून प्रतिमा थरथरत नाही. सूर्य सरकतो, पण भिंग सरकत नाही. त्याऐवजी खालची काच घड्याळाच्या यंत्राने रुळावरून हळूहळू सरकते. एवढ्या लांबीमुळे काचेवर उमटणारं सूर्यबिंब सुमारे साडेचार इंचांचं. हे सगळं खग्रासाच्या जेमतेम दोन मिनिटांसाठी.

पण आकडा या कॅमेऱ्याने दिला नाही. कॅम्बेलचा डोळा दुसऱ्याच गोष्टीवर होता. प्रभामंडळ सूर्याबरोबर फिरतं का? फिरत असेल तर एक कड आपल्याकडे येत असणार, दुसरी दूर जात असणार, आणि हिरवी रेषा एकीकडे किंचित निळ्याकडे, दुसरीकडे किंचित तांबड्याकडे सरकलेली असणार. म्हणून त्याने फटीचा वर्णपटलेखक सूर्याच्या पूर्व आणि पश्चिम कडांकडे लावला. हा फरक इतका बारीक की रेषेची मूळ जागा काटेकोर माहीत हवी. काच धुऊन मोजायला घेतली तर रेषा ५३१७ ला नव्हतीच. होती ५३०३.२६ ला. विजयदुर्गावर लॉकियरच्या तुकडीलाही जवळपास तोच आकडा मिळाला, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. १८९९ मध्ये कॅम्बेलने ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये लेख लिहिला तेव्हा शीर्षकात आधी रेषेची तरंगलांबी आली आणि परिवलनाचा उल्लेख ‘प्रयत्न’ म्हणून मागाहून. प्रामाणिक शीर्षक आहे ते.

आकडा सुधारला आणि कोडं आणखी अवघड झालं. ५३०३ ला लोखंडाची रेषा नाही. कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची नाही. लोखंड बाद झालं, आणि ‘कोरोनियम’ नावाचं, पृथ्वीवर नसलेलं मूलद्रव्य लोकांनी अधिकच गंभीरपणे घ्यायला सुरुवात केली. हेलियम आधी सूर्यात सापडला आणि मग १८९५ मध्ये पृथ्वीवर. तसाच हाही सापडेल, अशी आशा होती.

सापडला नाही. १९३३ मध्ये मात्र आरएस ऑफियुची हा तारा भडकला आणि ॲडम्स व जॉय यांना त्याच्या वर्णपटात प्रभामंडळाच्याच रेषा दिसल्या. सूर्यापुरतं वाटणारं प्रकरण ताऱ्यांतही निघालं. १९३९ मध्ये जर्मनीच्या ग्रोट्रियनने धागा पकडला, आणि स्वीडनच्या एडलेनने दोनेक वर्षांत गाठ सोडवली. हिरवी रेषा लोखंडाचीच. पण हुरड्याचं कणीस निम्मं झाडून घ्यावं तसे ज्याच्या सव्वीसपैकी तेरा इलेक्ट्रॉन झडले आहेत अशा लोखंडाची. त्यासाठी तापमान हवं वीसेक लाख अंशांचं, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर जेमतेम साडेपाच-सहा हजार अंशांचा. गंमत अशी की यंगचा आकडा चूक होता आणि मूलद्रव्य बरोबर. जेऊरने आकडा बरोबर केला आणि त्यापायी मूलद्रव्य चाळीस वर्षं हातचं गेलं. पण ५३०३ पक्का नसता तर एडलेनला आपलं गणित कशाशी ताडून पाहता आलं असतं? माझ्या मते जेऊरचं देणं ते हेच.

नेगमवालांचा अहवाल १९०२ मध्ये निघाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद झाली. दुर्बीण आणि बाकी उपकरणं कोडाईकॅनालला गेली. तिथला प्रमुख तेव्हा जॉन एव्हरशेड, जो १८९८ चं तेच ग्रहण वऱ्हाडात तळणीहून बघून गेला होता. कॅम्बेल पुढे लिकचा संचालक झाला आणि १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रहणात आइन्स्टाइनचं भाकीत तपासायला गेला.

कोडाईकॅनाल आता बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य-एल१ यानावरची व्हीईएलसी ही दुर्बीण त्याच संस्थेने बांधली. सूर्याचं बिंब आतल्या आत झाकून ती स्वतःपुरतं ग्रहण घडवते, आणि तिच्या वर्णपटाच्या वाहिन्यांपैकी एक ५३०३ वर लावलेली आहे. १६ जुलै २०२४ ला सूर्यावरून वस्तुमानाचा मोठा लोट सुटला तेव्हा तिने हिरव्या रेषेची मंदावलेली तेजस्विता टिपली आणि रेषा किती सरकली तेही मोजलं. त्यावरच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ५३०३ हा आकडा आहे.