जात्यापाशी दोघी

न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत चार माणसांनी सायंकाळी एकत्र बसून ऐकावे-बोलावे, ही चाल पुढे महाराष्ट्रभर रूढ झाली. परंतु वसंतातील आणखी एक मेळावा तिच्याहून पुष्कळ जुना आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते. कैरीची डाळ, पन्हे, ओटीत भिजवलेले हरभरे आणि घटकाभर गप्पा, एवढाच त्याचा थाट. इतिहासाच्या ग्रंथांत अशा मेळाव्यांना क्वचितच जागा मिळते. आज आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे वळत आहोत. नांदेड आणि लातूर या भागांतील आयांनी स्वतःसाठी वेळ कसा काढला, हा आमचा प्रश्न आहे.

‘फावला वेळ’ ही वस्तू जुन्या काळच्या शेतकरी घरातील बाईला जवळजवळ अपरिचितच होती. कामाबाहेर वेळ नाही, म्हणून तिने तो कामाच्या पोटातच शोधला. हा मुलूख ज्वारीचा. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. तेव्हा दळण जवळजवळ रोजचे. पहाटे घर निजलेले असताना जाते सुरू व्हावयाचे. जड जात्याला दोघी लागत. समोरासमोर बसून एकाच खुंट्याला दोघींचे हात. कधी जावा-जावा, कधी सासू-सून, कधी भिंतीपलीकडची शेजी. जात्याच्या घरघरीत बोलणे बुडून जाई. निजलेल्यांच्या कानी पडे ती फक्त ओवी. दिवसभर जी तोंडातून शब्द काढीत नसे, ती या प्रहरी माहेर, भाऊ, लेकरू, नवऱ्याचा राग, सारे काही ओवीत घालून मोकळी होई.

या ओव्यांचे मोल मराठवाड्यातील अभ्यासकांनी ओळखले. डॉ. ना. गो. नांदापूरकरांनी बायकांच्या तोंडच्या रामायणाच्या ओव्या गोळा करून ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ सिद्ध केली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. एवढे धन ज्यांनी निर्माण केले, त्यांच्यापैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पहाटेच्या घटकेची योग्यता कळते.

नांदेडच्या वरच्या अंगाला, गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई. नामदेवांच्या घरी ती राबली आणि दळताना विठ्ठल येऊन खुंट्याला हात लावतो, असे तिने गायिले. याला आपण भक्ती म्हणतो, आणि ती भक्ती आहेच. पण जी एकटीच दळावयास बसते, तिला समोर कोणीतरी हवे असते, ही साधी गोष्टही त्यात आहे. दुसरी बाई नाही, म्हणून तिने देवालाच जोडीदारीण केले. त्याला ती ‘विठाबाई’ म्हणते, ते उगीच नव्हे.

सणांचे पाहा. नागपंचमीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, फेर धरतात. त्या दिवशी चिरू नये, भाजू नये, तळू नये, असा दंडक. नागाला इजा होऊ नये, हे त्याचे सांगितले जाणारे कारण. परंतु तव्याला व विळीला त्यामुळे एक दिवस सुटी मिळते, हे बायकांच्या नजरेतून सुटले असेल, असे आम्हास वाटत नाही. मार्गशीर्षातील वेळा अमावास्या, म्हणजे लातूरकडची येळवस. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शेते भरतात. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. आदल्या रात्रीचे जागरण बाईच्याच वाट्याला. पण भज्जीच्या शेंगा सोलावयास चारजणी जमतात आणि दुसऱ्या दिवशी पंगत झाडाखाली बसते. माहूरच्या रेणुकेच्या दर्शनाला निघणेही तसेच. देवाचे नाव घेतल्यावाचून आईला उंबरा ओलांडता येत नसे.

या चित्राची काळी बाजू लपवून चालणार नाही. हळदीकुंकवात विधवेला स्थान नव्हते, आणि एका वस्तीतील बाई दुसऱ्या वस्तीतील बाईच्या जात्यापाशी बसत नव्हती. मैत्रीलाही वेशी होत्या. पण जाते प्रत्येक वस्तीत होते. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवरील ओव्या गायिल्या. 1996 साली त्या ध्वनिमुद्रित झाल्या. जुन्या ओवीत नवे स्वातंत्र्य सहज मावले.

पुढे पिठाची गिरणी आली. खांद्यावरचे ओझे उतरले, हे फार चांगले झाले; जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी महिनाभर स्वतः दळून पाहावे. परंतु ओझ्याबरोबर ती घटकाही गेली. वाचलेला वेळ बाईच्या नावे जमा झाला नाही. दुसऱ्या कामांनी तो गिळला.

याचा कठोर प्रत्यय 30 सप्टेंबर 1993 रोजी आला. ज्या प्रहरी एके काळी जाती सुरू होत, त्याच प्रहरी, पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीची धरणी हादरली. लातूर-उस्मानाबाद भागात दहा हजारांच्या घरात माणसे गेली. 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या गावांत रस्ते सरळ आणि रुंद, घरे सुटी सुटी. भिंतीला भिंत लागून असलेली जुनी आळी गेली, आणि तिच्याबरोबर शेजीही दूर गेली. दुःख सांगावे तर कोणाला? त्या काळात दुरुस्तीच्या गावांत बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. घरबांधणीची माहिती देता-घेता त्या एकत्र बसू लागल्या; त्यांतून महिला मंडळे व बचत गट उभे राहिले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचा यात मोठा वाटा आहे. गटात पैसे किती साठले, हे हिशेबाच्या वहीत सापडते. महिन्यातून एकदा उंबऱ्याबाहेर पडून दहाजणींत बसण्यासाठी बाईला एक सबळ कारण मिळाले, ही नोंद मात्र त्या वहीत नसते.

व्रत, दळण, यात्रा, बचत: शतकानुशतके आई कारण शोधीत आली आहे. तिच्या कल्पकतेचे कौतुक आम्ही जरूर करू. पण कारण दाखविल्यावाचून तिला घटकाभर बसता येऊ नये, यात घराची शोभा नाही. सायंकाळी व्याख्यान सुरू होते, त्याच सुमारास घराघरांत चूल पेटते. येथे बसलेल्या पुरुषमंडळींनी उद्या घरी थांबून भाकरीचे तेवढे पाहावे, आणि आईला शेजीबरोबर कोठेही जाऊ द्यावे. व्याख्यानालाच आले पाहिजे, असा आमचा आग्रह नाही.